बोणीचा हात

३ फेब्रुवारी १९९७, सोमवार. काम: उधना शाखेचा जानेवारीचा लॉग हजेरीपटाशी ताडून पाहणे.

माझ्या त्या वर्षीच्या डायरीत एवढंच लिहिलेलं आहे. लॉग म्हणजे संगणकाने आपणहून ठेवलेली नोंद. कोणत्या कर्मचाऱ्याच्या नावाने यंत्र उघडलं, त्या नावाने काय काय नोंदलं गेलं, कधी बंद झालं, सगळं त्यात येतं. तो डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर छापायचा, जोडकागदाच्या कडांच्या भोकांच्या पट्ट्या फाडायच्या, पानं सुटी करायची आणि शेजारी हजेरीपट ठेवून एकेका नावावर पेन्सिलीने टिक करत जायचं. कंटाळवाणं काम. मी ते कुणाला दिलं नाही, कारण ज्याला दिलं असतं तोही त्या लॉगमध्ये असता.

आमची सुरतची सहकारी बँक लहान होती. खातेदार म्हणजे लूम्सचे मालक, डाइंग मिलमधले कामगार, दुकानदार. संचालक मंडळाने संगणक आणायचं ठरवलं तेव्हा मी मुख्य कार्यालयात तपासणी विभागात होते. संगणकाचं शिक्षण म्हणाल तर संध्याकाळचा एक कोर्स. तरी काम माझ्याकडे आलं. मला शाबासकी म्हणून दिलं असेल असं काहीजणांना वाटलं. मला वाटलं नाही. फसलं तर कुणावर ढकलायचं याचा विचार आधी झाला होता, आणि तपासणीतल्या बाईसाठी कोणी रडणार नव्हतं.

सॉफ्टवेअर लिहायला एका छोट्या कंपनीचा तरुण प्रोग्रॅमर यायचा. बँकेत काय चालतं ते मी सांगायचं, त्याने ते यंत्राला समजेल असं लिहायचं. आमचं भांडण एकाच गोष्टीवरून व्हायचं. त्याला काम झटपट व्हायला हवं होतं. मला ते कुणी केलं हे कळायला हवं होतं. हाताने लिहिलेल्या लेजरमध्ये अक्षर बघितलं की माणूस कळतो. आमच्या एका क्लार्कचा ‘सात’ असा पोटात दुखल्यासारखा वाकलेला असायचा की त्याने सही केली नसती तरी चाललं असतं. संगणकात सगळ्यांचं अक्षर सारखं. मग माणूस ओळखायचा कशावरून? पासवर्डवरून. म्हणून प्रत्येकाला वेगळं नाव, वेगळा पासवर्ड, आणि प्रत्येक नोंदीवर त्या नावाचा शिक्का, हे मी हट्टाने घालून घेतलं.

प्रोग्रॅमर म्हणाला होता, “मॅडम, एवढं तर मोठ्या बँकांतपण नाही.”

“मोठ्या बँका एकमेकांना ओळखत नाहीत,” मी म्हटलं. “आपल्याकडे सगळे एकमेकांना ओळखतात. म्हणून जास्त लागतं.”

शाखांच्या लोकांना मुख्य कार्यालयात बोलावून मी प्रशिक्षण दिलं. चपला बाहेर काढून सगळे एसीच्या खोलीत देवळात बसल्यासारखे बसले होते. पासवर्ड म्हणजे काय ते समजावताना मी म्हटलं, “पासवर्ड म्हणजे तुमचा हात. तो हात जे लिहील ते तुम्हीच लिहिलं असं धरलं जाईल.” उधना शाखेचे हेड कॅशियर पहिल्या रांगेत होते. सगळे त्यांना काका म्हणायचे, मीही. निवृत्तीला आलेले, जुन्या सुरतचे, शर्टाच्या खिशात कायम बडीशेपेची डबी. ते गुजरातीत, मध्येच मराठी मिसळून बोलायचे, मी मराठीत उत्तर द्यायचे. दोघांचं कधी अडलं नाही. माझं वाक्य ऐकून त्यांनी अशी मान डोलावली की मला वाटलं, एका माणसाला तरी नीट कळलं.

तर त्या सोमवारी मी टिक करत होते, आणि उधन्याच्या एका नावाशी पेन्सिल थांबली.

ते नाव तिथल्या टेम्पररी क्लार्कचं होतं. पस्तिशीच्या आतबाहेरची, मूळची धुळ्याकडची, नवरा भेस्तानजवळच्या मिलमध्ये कामाला. ती बँकेत काही वर्षं रोजंदारीवर होती, आणि आता कायम करायच्या लोकांच्या यादीत पहिल्यांदाच तिचं नाव आलं होतं. यादी बुधवारी मंडळापुढे जाणार होती. हजेरीपटाप्रमाणे ती उत्तरायणानंतर, म्हणजे संक्रांतीनंतर, रजेवर होती. लॉगप्रमाणे ती रोज सकाळी कामावर होती.

रोज. दिवस उघडल्याबरोबर तिच्या नावाने यंत्र सुरू व्हायचं, एक जमेची नोंद व्हायची आणि बंद व्हायचं. पुढे दिवसभर त्या नावाचा पत्ता नाही. जमाही दरवेळी एकाच खात्यात. खातं कुणाचं ते काढलं: शाखेच्या खाली ज्याचा पानाचा गल्ला, म्हणजे टपरी, होती त्याचं.

मी खुर्चीतून उठून दार लावलं. दार लावण्याचं कारण नव्हतं, पण माझी ती सवय आहे. एक नोंद, छोटी, रोज, आणि मग गप्प. तपासणीत मी असलं पाहिलं होतं. दार उघडतं का ते बघायला माणूस आधी कडी नुसती हलवून बघतो. कुणी ओरडलं नाही की मग आत येतो.

मी तिचा रजेचा अर्ज मागवला. ‘ताप येत असल्याने’ असं लिहिलं होतं. अक्षर तिचं नव्हतं. खालची सही तिच्या नावाची होती, पण लहान मुलाने गिरवल्यासारखी. म्हणजे आता माझ्याकडे रजेवर असलेली आणि नसलेली अशी एक बाई होती, तिच्या नावाने दुसऱ्याच कुणी लिहिलेला अर्ज होता आणि एक पानवाला होता.

आधी प्रोग्रॅमरला बोलावलं.

“लॉग बाहेरून बदलता येतो का?”

“नाही येत.”

“तुला येतो का?”

“मी लिहिलाय तो, मॅडम. मला काहीही येतं. पण मी का बदलू?”

“ते मी तुला विचारतेय.”

“तुम्ही माझ्यावर संशय घेताय?”

“सगळ्यांवर घेते. मला पगार त्याचाच मिळतो.”

तो रागावून सर्व्हरच्या खोलीत गेला, चपला काढायलाही विसरला. पण जाताना म्हणाला ते बरोबर होतं. बदलायचंच असतं तर त्याने रजेच्या दिवसांच्या नोंदी काढून टाकल्या असत्या, घातल्या नसत्या. मी त्याला संशयातून निम्मा सोडला.

दुपारी संचालकांपैकी एक शेठ आले. कापडबाजारातले, पांढरे बूट घालणारे. माझ्या टेबलाजवळ ते कधी येत नसत. त्या दिवशी आले आणि बसलेही.

“केम बेन, पेली उधनावाळी टेम्पररी बाईचं काय? तुमच्या कॉम्प्युटरमां कंई निकळ्युं?”

मी लॉगच्या कागदांवर हजेरीपट ठेवला. “कशाबद्दल विचारताय?”

“अमस्तंच. बुधवारे लिस्ट आहे ने. कायम करायचं म्हणजे बघून करायला पाहिजे. कसं आहे, आमची भाणेज पण बी.कॉम. आहे. कॉम्प्युटरनो क्लास पण केलाय.”

“चांगलं आहे.”

“तुम्ही लिहून द्या, काय असेल ते. तुमचं लिहिलेलं कोण नाही म्हणणार?”

ते गेल्यावर मी पाणी प्यायले. त्यांची भाची ज्या क्लासला जात होती तिथे आमचा प्रोग्रॅमर संध्याकाळी शिकवायला जायचा, हे मला त्याच दिवशी शिपायाकडून कळलं. त्याने लॉगचं काही सांगितलं होतं की शेठ नुसतेच खडा टाकून बघत होते, हे मला आजही माहीत नाही. मात्र एक समजलं. मी त्या बाईविरुद्ध चार ओळी लिहिल्या तर ती बुधवारी संपली. आणि लिहिल्या नाहीत आणि खरंच काही निघालं, तर माझ्या पहिल्याच शाखेत माझी सिस्टिम फुटली असं होणार होतं. दुसऱ्याचं ऐकून मी यातलं काहीच करणार नव्हते. मी पर्स घेतली आणि उधना दरवाजावरून भेस्तानच्या शटल रिक्षात बसले.

शटल रिक्षात तिघांच्या जागी पाचजण बसतात, आणि सगळे तुमच्या पर्सकडे बघतायत असं वाटतं. कॉलनीत शिरले तेव्हा लूम्सची खटखट चालू होती, आणि नाल्यातून मिलचं पाणी वाहत होतं, त्या दिवशी जांभळं. घर विचारायला लागलं नाही. ‘बँकवाली भाभी’ म्हटल्यावर एका पोरीने बोट दाखवलं.

दारात तिची सासू तांदूळ निवडत बसली होती.

“कोन से वं?” तिने वर न बघता विचारलं.

“बँकेतून आलेय.”

सासूचा हात सुपात थांबला. “तिनं काय चुकनं, माय?”

मी अजून काही म्हटलंच नव्हतं. बँकेतून कुणी आलं म्हणजे सुनेचं काहीतरी चुकलं, असं जिला वाटतं तिला काहीतरी माहीत आहे, असं मी मनात नोंदवलं आणि आत गेले.

ती चुलीपाशी नव्हती, पलंगावर बसली होती. मला बघून उठली आणि पदर उजव्या खांद्यावरून पुढे ओढून घेतला. घरात, सासू पाठमोरी असताना, एवढा पदर कशाला?

“बसा ताई,” ती म्हणाली. बँकेत ती मला मॅडम म्हणायची. अचानक जवळ येणाऱ्या माणसाकडे मी जरा जास्तच निरखून बघते.

“ताप कसा आहे?”

“आहे थोडा.”

“रोज सकाळी बँकेत येतेस, मग घरी येऊन ताप घेतेस का?”

बाहेरून सासूच म्हणाली, निदान मला तेवढं समजलं, की दाखव ना, लपवून काय बरं होणार आहे. मग तिने पदर बाजूला केला. उजवा हात कोपरापासून बोटांपर्यंत प्लॅस्टरमध्ये होता. प्लॅस्टरवर हळद लागलेली, कडा काळ्या झालेल्या. उत्तरायणाच्या दुसऱ्या दिवशी नळावर पाय घसरून पडली होती. अर्ज नवऱ्याने लिहिला होता. सही तिने डाव्या हाताने केली होती.

अर्जाचं कोडं सुटलं, पण मला बरं वाटलं नाही. हात मोडला तर कुणी ताप असं का लिहील?

“हात मोडला असं लिहायला काय झालं होतं?”

“काकांना कळलं असतं.”

“मग?”

ती माझ्याकडे असं बघायला लागली की जणू हे मला माहीतच असायला हवं होतं. मग तिने सांगितलं, तुकड्यातुकड्यांत, मध्येमध्ये सासू बाहेरून भर घालत होती.

प्लेगच्या वर्षी, चौऱ्याण्णव साली, गाव रिकामं झालं होतं ते सगळ्या सुरतला आठवतं. तेव्हा ही नवीनच रोजंदारीवर लागली होती. कॉलनीतली बहुतेक माणसं धुळं-जळगावकडे निघून गेली, हिच्या घरचे राहिले, कारण सासूला प्रवास झेपणारा नव्हता. बँक पुन्हा उघडली त्या सकाळी काउंटरवर लिहायला कोणीच नव्हतं. ही आली. काकांनी तिच्यापुढे वही ठेवली आणि पहिली जमा तिने लिहिली. त्या आठवड्यात लोक गावाकडून परत यायला लागले आणि येताना पैसे घेऊन आले. काउंटरला रांग लागली. काकांनी ते त्या पहिल्या ओळीशी जोडलं. त्या दिवसापासून शाखेची बोणी, म्हणजे दिवसाची पहिली जमा, तिच्याच हातची. पानवाल्यालाही त्यासाठीच सकाळी वर बोलावून घ्यायचे, म्हणजे पहिला माणूस पैसे काढायला आलेला नको.

“म्हणून मला ठेवलंय, ताई. दरवर्षी टेम्पररी लोकांना कमी करायची वेळ आली की काका सांगतात, हिचा हात चांगला आहे, राहू द्या. मला दुसरं कोण आहे तिथे? मोडलेल्या हाताला चांगला कोण म्हणेल?”

“आणि पासवर्ड?”

“काकांनी निरोप पाठवला, ताप उतरेपर्यंत पासवर्ड सांग, बोणी चुकायला नको. मी सांगून टाकला. नाही म्हटलं असतं तर ते घरी बघायला आले असते.”

गोष्ट ऐकायला छान होती. छान गोष्टींवर माझा विश्वास कमी बसतो. शुभ हात, प्लेग, म्हातारी सासू, सगळं अगदी जागच्या जागी. मी तिला विचारलं, पानवाला तुमचा कोण? कोणी नाही म्हणाली. खात्यात रोज जमा कुणाचे पैसे? त्याचेच. तुला त्यातलं काही मिळतं? त्यावर ती पहिल्यांदा चिडली.

“मिळतं ना. महिन्यातून एकदा फुकट मसाला पान. आणू का?”

हे मात्र मला खरं वाटलं. खोटं बोलणारा माणूस माझ्याशी सहसा फार गोड बोलतो.

चहा घेतला नाही. उठताना म्हटलं, “उद्या सकाळी शाखा उघडायच्या आधी ये. प्लॅस्टर घेऊन ये. पदराखाली नाही, उघडं.”

“काका बघतील.”

“बघू देत. तू आली नाहीस तर मला जे दिसलं तेवढंच मी लिहीन. रजेवर असताना तुझ्या नावाने नोंदी झाल्या. पुढचं शेठ वाचतील.”

सासू दारातून म्हणाली, “बठ ना माय, एवढं काय,” पण मी निघाले. घरी येऊन आमटीला फोडणी दिली, भात लावला. नवरा शाळेतून आला होता, त्याने विचारलं, काय झालं. मी म्हटलं, उद्या कळेल. आणि ते खरं होतं. ती आणि काका मिळून काही करत असतील, तर काका उद्या सकाळी माझ्यासमोर काहीतरी वेगळं करतील. बोणीची गोष्ट खरी असेल, तर त्यांना वेगळं काही करताच येणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उधना शाखेच्या जिन्यात उभी राहिले, शटर वर जायच्या आधीच. काका आले, किल्ल्या काढल्या, मला बघून जराही दचकले नाहीत.

“आवो बेन! आज आटला वहेला, एवढ्या लवकर?”

“सहज. तुम्ही तुमचं काम करा.”

त्यांनी खरंच केलं. यंत्राजवळ उदबत्ती लावायला मी मनाई केली होती, म्हणून खिडकीत लावली. यंत्रावर दिवस उघडला. खालून पानवाला आला, काउंटरच्या पलीकडे हात जोडून उभा राहिला. काकांनी चष्मा लावला आणि एका बोटाने, माझ्यादेखत, तिचं नाव टाइप केलं. मग एकेक कळ शोधत पासवर्ड. चोर असा पासवर्ड टाकत नाही. लपवायचं काही असतं तर ते निदान माझ्याकडे पाठ करून बसले असते.

“काका, हे नाव कुणाचं आहे?”

“एनुं ज ने, तिचंच. बोणीनुं.”

“आणि पासवर्ड?”

“ए पण एनो.” ते माझ्याकडे वळले, आता थोडे गोंधळलेले. “तमे ज तो कह्युं हतुं, बेन. पासवर्ड एटले हाथ. मला वाटलं वाह, ती रजेवर गेली तरी तिचा हात इकडेच राहिला! पहिल्यांदा वाटलं, कॉम्प्युटर चांगली वस्तू आहे.”

मी वर्षभर घासून एक सिस्टिम बनवली होती, की कुणाचा हात दुसऱ्या कुणाला वापरता येऊ नये. आणि माझंच वाक्य शब्दशः पाळून या माणसाने तीच मोडली होती. मला हसू आलं नाही. पुढे काही वर्षांनी आलं.

जिन्यात चपलांचा आवाज झाला आणि ती आत आली. पदर डाव्या खांद्यावर, प्लॅस्टर पुढे धरलेलं, ताट आणल्यासारखं. काकांनी आधी तिच्या तोंडाकडे बघितलं, मग हाताकडे, आणि खुर्चीतून अर्धे उठले.

“भांग्यो? जमणो? उजवाच?”

“हो काका.”

“क्यारे?”

“वासी उत्तरायणला.”

काका खाली बसले. चष्मा काढला, परत लावला. पानवाला काउंटरवरून वाकून बघत होता, त्याने ‘अरे राम’ असं काहीतरी म्हटलं आणि काकांनी त्याला हातानेच गप्प केलं. मला दिसत होतं की या क्षणी तिची नोकरी जाते आहे, आणि ती मंडळात नाही, शेठच्या टेबलावर नाही, इथे, या म्हाताऱ्याच्या डोक्यात जाते आहे. तिलाही दिसत होतं. तिची डावी मूठ आवळलेली होती.

“काका,” ती म्हणाली, शब्द तयार करून आणले होते, “मोडल्यापासून रोज बोणी याच हाताने चालू आहे. तुम्हीच करताय. शाखेचं काही बिघडलं का?”

काका विचारात पडले. खरोखर विचारात, ओठ हलत होते, म्हणजे रोजचा जमेचा आकडा आठवत असणार. पानवाल्याकडे बघितलं. पानवाला म्हणाला, “काका, गया महिने तो लाइन नीचे मारा गल्ला सुधी हती.”

“हती,” काका म्हणाले. “गेल्या शनिवारी तर कॅश बंद व्हायला जेवायची वेळ टळली.” मग हळूहळू त्यांचा चेहरा सुटला. “तो हाथ तो सारो ज कहेवाय ने, चांगलाच! भांग्यो तोये चाले छे. सारो नहीं, बहु सारो!”

ती प्लॅस्टर मांडीवर घेऊन बाकावर बसली.

“काका,” मी म्हटलं, “शेठची भाची आहे. बुधवारी हिच्याऐवजी ती येईल.”

“कोण बोल्युं?” खिशातली बडीशेपेची डबी टेबलावर आपटली गेली. “आणि बोणी कोण करणार, शेठची भाणेज? चेअरमनसाहेब रोज सकाळी फोन करून विचारतात मला, बोणी थई के नहीं. आज फोन आला की हुं ज कही दईश, हिलाच कायम करा. प्लॅस्टरमधला हात आहे म्हणून पण सांगतो.”

मला कळलं की यादीचा प्रश्न संपला. माझ्या चार ओळींनी नाही. संचालक शेठ माझ्या कागदाशी भांडले असते, पण चेअरमनच्या बोणीशी भांडायची त्यांची हिंमत नव्हती. मी आदल्या दिवशी ज्या गोष्टीवर शंका घेतली होती तिच्यावर ती बाई इतकी वर्षं टिकली होती, आणि आजही टिकली. मला ते आवडलं नाही. पण निकाल मला चालणारा होता.

तरी कागद मी लिहिलाच, तिथेच बसून, शाखेच्या पॅडवर. रजेच्या काळात हेड कॅशियरनी सदर क्लार्कच्या पासवर्डने रोज एक नोंद केली. पासवर्ड सदर क्लार्कने दिला, हेड कॅशियरनी मागितला. दोघांना लेखी समज द्यावी. नोंदी तपासल्या, खऱ्या आहेत. रजेचं कारण खोटं लिहिलं, दुखापत खरी आहे. शेवटची ओळ लिहायच्या आधी मी तिला यंत्रापुढे बसवलं आणि टेबलावरच्या जुन्या पावत्या नुसत्या सरावासाठी डाव्या हाताने भरायला सांगितल्या. तिला कळा बघाव्या लागल्या नाहीत. काकांच्या उजव्या हातापेक्षा ती बरीच पुढे होती. ‘संगणकावर काम करण्यास योग्य’ असं मी लिहिलं आणि काकांकडून खाली सही घेतली. समज द्यावी हे वाक्य त्यांनी वाचलं, मान हलवली आणि सही केली.

पानवाला अजून उभा होता. बोणी राहिली होती.

“आधी हे,” मी म्हटलं. चपला बाहेर काढून शाखेच्या सर्व्हरच्या केबिनमध्ये गेले, तिचं जुनं नाव बंद केलं, नवीन उघडलं आणि तिला हाक मारली. कीबोर्ड डावीकडे सरकवून दिला. “पासवर्ड नवा टाक. सोपा नको. मुलांचं नाव नको. आणि पुन्हा कुणी मागितला तर मला फोन कर, मग तो कोणीही असो.”

ती टाइप करायला लागली तेव्हा मी भिंतीकडे तोंड केलं. दारातून काका बघत होते.

“काका,” मी म्हटलं, “तुम्हीपण.”

आणि काका वळेपर्यंत मी तिला थांबवून ठेवलं.